बेरियम अर्जदाराच्या पोटातील नसून ताऱ्यातील असल्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
वेधशाळा, डोंगरमाथा कार्यालय

विषय : दुर्बिणीजवळ फिरकण्यास केलेली मनाई उठवून ताऱ्यास यादीत परत घेण्याबाबत.
संदर्भ : प्रशासन अधिकाऱ्यांचे ज्ञापन, 'चालकाच्या पोटाबाबत'.

महोदय,

मी आपल्या वेधशाळेत रात्रपाळीचा दुर्बीणचालक असून पुढच्या वर्षी निवृत्त होत आहे. गेल्या महिन्यात पोटदुखीसाठी डॉक्टरांनी मला बेरियमचे पांढरे पाणी पाजून एक्स-रे काढला. ते पाणी खडू कालवल्यासारखे लागते, हे मी चहाच्या वेळी सर्वांना सांगितले. तिथेच माझे चुकले. त्याच आठवड्यात यादीतील एका ताऱ्याच्या वर्णपटात, म्हणजे त्याच्या उजेडाच्या पट्टीत, बेरियमच्या रेषा ठळक उमटल्या. प्रशासन अधिकाऱ्यांनी बादरायण संबंध जोडला. तारा यादीबाहेर गेला आणि मी घुमटाबाहेर.

दुर्बिणीचे तोंड आकाशाकडे असते, माझ्याकडे नव्हे, असा लेखी खुलासा मी केला. त्यावर 'पोट साफ असल्याचा दाखला सादर करावा' असा शेरा आला. दाखला आणला, तर त्यावर रुग्णालयाचा जावक क्रमांक नाही म्हणून तो परत आला. दरम्यान पडताळणीसाठी माझ्या जागी भांडारपालांना बसवून तोच तारा पुन्हा पाहिला. बेरियम तसेच दिसले. तेव्हा त्यांना विचारणा झाली की, आपण सदर चालकाबरोबर डबा खाता काय? गृहस्थ सरळमार्गी आहेत, 'खातो' म्हणाले. आता आम्ही दोघेही बाहेर पायरीवर डबा खातो.

महोदय, अधिकाऱ्यांचा संशय अगदीच निराधार नाही. बेरियम पोटातलेच आहे. फक्त ते पोट माझे नव्हे. असली जड मूलद्रव्ये पिकलेल्या, फुगलेल्या ताऱ्याच्या पोटात सावकाश शिजतात. आपला तारा अजून तेवढा पिकलेला नाही. म्हणजे हे त्याला कुणीतरी दिले. त्याचा एक थोरला जोडीदार होता. त्याने म्हातारपणी शिजवलेले सगळे याच्या अंगावर ओतले आणि आता स्वतः निखाऱ्याएवढा उरला आहे. तो आपल्याला दिसत नाही. हा तारा किंचित डुलतो, त्यावरूनच त्याचा पत्ता लागतो. मला पाजलेले बेरियमही मुळात अशाच कुणा म्हाताऱ्या ताऱ्यांनी शिजवलेले आहे. तेव्हा तारे मला बेरियम देऊ शकतात, मी ताऱ्यांना नाही.

त्या डुलण्याचे वळण, म्हणजे तारा एका टोकाला जाऊन परत फिरण्याची वेळ, याच पंधरवड्यात आहे. नंतर तारा सूर्याच्या उजेडात बुडेल, आणि पुढचे वळण येईल तेव्हा मी घरी भाजी निवडत असेन. ही मोजणी हुकली तर जोडीदार होता हे मला सिद्ध करता येणार नाही. घरी हे बोललो तेव्हा आमच्या सौ. एवढेच म्हणाल्या, "देणाऱ्याचं नाव कुठे राहतं? निदान तुम्ही तरी लिहून ठेवा." तेव्हापासून मला चैन नाही. नोकरीभर मी रात्री जागलो. माझे दिवस कुणी सांभाळले, याची नोंद माझ्या सेवापुस्तकात नाही.

तरी निदान एक रात्र मिळावी, ही कळकळीची विनंती. हवे तर उपाशीपोटी येईन.

आपला नम्र, तूर्त पायरीवरील,
दुर्बीणचालक, रात्रपाळी

दिनांक : तारा दिसतो आहे तोवर

सोबत :
१) अर्जदाराच्या पोटाचा एक्स-रे (पाहून झाल्यावर परत मिळावा)
२) ताऱ्याचा वर्णपट
कृपया दोन्ही एकाच फाइलला लावू नयेत.