दाबून लिहिलेली अक्षरे

कामतघर, भिवंडी
दि. ६ जानेवारी २०२५

चि. स्नेहल हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. तुझ्या पुण्याच्या रुग्णालयात माझ्या उजव्या खांद्याचा सांधा बदलण्याची तारीख तू परस्पर ठरवलीस, हे मला रुचलेले नाही. चौतीस वर्षे टपाल खात्यात काढली. वाचल्यावाचून सही केली नाही. संमतिपत्रही पूर्ण वाचले. सातव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, नसेस इजा झाल्यास हाताची संवेदना कायमची जाऊ शकते. सबब मी नकार कळवीत आहे. शर्ट घालण्यास वेळ लागतो खरा. परंतु निवृत्त मनुष्यास वेळेची वानवा नाही.

ऑक्टोबरात माळ्यावरून ट्रंक काढताना पडलो, एवढेच तुला सांगितले होते. त्या ट्रंकेत तुझ्या आईची सरावाची वही होती. वळ गावातून बकुळा लग्न होऊन आली तेव्हा तिला सहीपुरतेच लिहिता येत असे. पुढचे मी शिकवले, तिचा हात माझ्या उजव्या हातात धरून. ती पेन इतके दाबून लिही की, अक्षरे पानाच्या मागे उठून येत. पान फाटेल म्हणून मी रागावत असे. हल्ली रोज सकाळी पान उलटे करून त्यावरून अंगठा फिरवतो. तिला जाऊन दीड वर्ष झाले; तिच्याशी एवढेच बोलणे उरले आहे. तो अंगठा मी कोणाच्या हवाली करणार नाही.

शेजारच्या रंगूबाई डबा पाठवतात. मीठ जास्त असते. तक्रार नाही.

आपले क्षेम कळवीत जावे.
तुझा पिता,
धम्मपाल


पुणे
दि. १३ जानेवारी २०२५

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

तुमचा नकार आवकेत नोंदवला; मंजूर केलेला नाही. तुमची मुलगी रोज काय काम करते हे तुम्ही सहा वर्षांत एकदाही विचारले नाहीत, म्हणून लेखी कळवते.

खांद्याच्या ऑपरेशनमध्ये हात फिरवावा, ओढावा लागतो. त्यात नस ताणली गेली तर झोपलेला माणूस सांगणार कसा? म्हणून आम्ही मनगटाला विजेचा बारीक झटका देतो. तो नसेतून, खांद्यावरून मेंदूपर्यंत जातो आणि डोक्याला लावलेल्या तारांमधून पडद्यावर लाट उमटते. तुमच्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर रजिस्टर पत्र आणि त्याची पोचपावती. सतत पत्र, सतत पावती. पावती उशिरा किंवा अर्धीमुर्धी आली की आम्ही डॉक्टरांना तिथेच थांबवतो. हमी नाही, बाबा. पण पहारा आहे.

आता माझी तक्रार. सुरुवातीला आम्ही हाताची मूळची लाट नोंदवतो आणि पुढच्या साऱ्या लाटा तिच्याशी ताडून बघतो. तुम्ही तपासणीच्या अर्जात बधिरतेपुढे ‘नाही’ लिहिलेत. रंगूबाई फोनवर म्हणाल्या की तुमच्या हातून चहाचा गलास दोनदा सुटला आणि वर तुम्ही गलासालाच गुळगुळीत ठरवलेत. खरे काय ते कळवा. मशीन तुमच्या सुंदर अक्षराला भुलत नाही.

आणखी एक. आई तुमच्या पत्राच्या तळाशी दोन ओळी लिहायची: ‘तुजा बाप बोलत न्हाय म्हनून लिवतो. तू येलेवर जेव.’ तुम्ही अजूनही तळाला चार बोटे जागा सोडता. पत्र वाचून झाले की मी त्या जागेकडे बघत बसते.

रागावलात तरी माया कमी करू नका.
तुमची,
स्नेहल


कामतघर, भिवंडी
दि. २० जानेवारी २०२५

चि. स्नेहल हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

अर्जातील ‘नाही’ हे असत्य होते. माझ्या हातचा हा पहिला खोटा कागद. नोव्हेंबरपासून अंगठा व तर्जनी बधिर होत चालली आहेत. आधी वहीची शेवटची पाने अंगठ्याला लागेनाशी झाली. माझ्या रागावण्याने तिचा हात पुढे पुढे हलका होत गेला होता. आता सुरुवातीची काही पानेच लागतात. ‘होय’ लिहिले असते, तर ते खरे झाले असते, असे वाटले.

तुझ्या डॉक्टरांनी फोनवर सांगितले की, वाकडे जुळलेले हाड नस दाबत आहे. थांबल्यास उरलेलेही जाईल. तेव्हा मी येतो. अर्ज दुरुस्त करून सोबत जोडला आहे. मशीनपाशी तू असावीस व झाल्या प्रकाराचा लेखी अहवाल द्यावास, एवढी अट आहे.

प्रकृतीस जपावे.
तुझा पिता,
धम्मपाल


पुणे
दि. ३ मार्च २०२५

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

घरी सुखरूप पोहोचलात, आता अहवाल. घरच्या माणसाच्या मशीनवर आम्हाला बसू देत नाहीत. माझे वरिष्ठ रामनाथ सर बसले. मी मागे भिंतीशी उभी होते.

तुमची मूळची लाटच ठेंगणी होती. अर्ज दुरुस्त केला होतात, म्हणून तो तारांचा दोष नव्हे हे सरांना आधीच ठाऊक होते. हाड मोकळे करायला डॉक्टरांनी हात मागे फिरवला आणि लाट अर्ध्याहून खाली आली. सरांनी सांगताच डॉक्टर थांबले, हात पुन्हा अंगाजवळ आणला. सहा मिनिटे पडदा तसाच. इतरांच्या नातेवाइकांना मी रोज धीर देते. त्या सहा मिनिटांत मला फक्त तुमच्या मुठीतला आईचा हात दिसत होता. मग लाट वर आली. पुढचे सगळे त्यांनी हात कमी फिरवून केले.

फोनवर तुम्ही बोटे ‘ठीक’ म्हणता. ठीक म्हणजे काय?

उत्तराची वाट पाहते.
तुमची,
स्नेहल


कामतघर, भिवंडी
दि. १७ मार्च २०२५

चि. स्नेहल हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

हे पत्र उजव्या हाताने लिहीत आहे. झोळीतून हात काढून टेबलावर ठेवण्याची परवानगी मिळाली आहे. ठीक म्हणजे असे की, तर्जनी अद्याप बधिर आहे. अंगठ्यास काल चौदावे पान लागले. त्या पानावर तिने तुझे नाव सात वेळा लिहिले आहे. मी ते सातही वेळा वाचले.

शेवटची पाने लागत नाहीत. ती लागणार नाहीत, असे धरून चाललो आहे. त्यात नसेचा दोष नाही. दाबू नकोस, असे मीच सांगितले होते.

खाली चार बोटे जागा आहे. आजवर ती सवयीने सुटत असे. आज तुझ्यासाठी सोडली आहे. दोन ओळी लिहून हेच पत्र परत पाठव. पेन दाबून लिही. पान फाटले तरी चालेल.

तुझा पिता,
धम्मपाल