राखाडी रंगाखाली

मंगळवार, संध्याकाळ

दत्ताभाऊ विमान देऊन गेले. हे गेल्यापासून ह्यांनी जोडलेलं ते छोटं मॉडेल विमान अर्धवटच पडून होतं. चाकणच्या गाड्यांच्या कंपनीत हे आणि भाऊ पेंट शॉपला बरोबर, म्हणून उरलेला रंग मारायला भाऊंनी हौसेने नेलं. ह्यांनी पत्र्यांच्या सांध्यांवर बारीक काळ्या रेघा फवारून ठेवल्या होत्या. वरून राखाडी रंग अगदी पातळ मारायचा, म्हणजे रेघा सावलीसारख्या दिसतात, असं हे सांगायचे. भाऊंना कोण सांगणार?

"वहिनी, एक तरी रेघ दिसतेय का बघा!"

खरंच दिसत नव्हती. नव्या गाडीच्या बॉनेटसारखं चकचकीत. मी छान म्हणाले. जन्मभर डाग झाकलेला माणूस, त्याला दुसरं काय म्हणू?

मग त्यांना कपाटातलं दुसरं विमान दिसलं. "हेही काळंच राहिलंय की. द्या, रविवारी उरकतो."

"नको, राहू दे."

"असं अर्धवट?"

"ह्यांच्या हातच्या रेघा तेवढ्याच उरल्यात आता, भाऊजी."

भाऊ चकचकीत विमान उचलून पंखावरचा रंग नखाने हळूच खरवडायला लागले. मीच थांबवलं. रंगाबरोबर खालच्या रेघाही निघाल्या असत्या.