शुक्रवारी या, हवा बरी असते

३० नोव्हेंबर २००४, मंगळवार

गच्चीवरून बाबांचे कपडे काढायला गेले तर सगळ्यांवर पुन्हा काजळीची काळी कुसळं! घरामागच्या सायझिंग कारखान्याने पहाटेच बॉयलर पेटवला होता. सुताला खळ लावायला वाफ लागते, मान्य. पण लाकूड महाग म्हणून हे लोक चिंध्या आणि प्लास्टिक जाळतात. खाली येईपर्यंत छाती आवळली. मोरीत जाऊन श्वासाच्या औषधाचा पंप ओढला. आईने नळ जोरात सोडून ठेवला — माझा खोकला शेजारच्या चंद्राकाकूला ऐकू जाऊ नये म्हणून.

डॉक्टरांनी सरळ दमा म्हटलंय. आई अजून 'ठसका' म्हणते. थंडीत धूर वर जात नाही म्हणे, डोक्यावरच बसून राहतो. गंधकाचा वायू, कापसाची धूळ, ट्रकचं डिझेल — सगळं माझ्याच छातीत. "जागा बदलता आली तर बघा," म्हणाले. मुलीने जागा बदलायची म्हणजे लग्न. आणि लग्न जमायचं तर दमा लपवायचा. छान कोंडी आहे माझी!

२ डिसेंबर, गुरुवार

पंढरीमामाने खारबावचं स्थळ आणलं. मितेश नाव. खाडीजवळ घर, आजूबाजूला शेतं. एक जमीन गोदामवाल्याला विकली, त्यामुळे घरात पैसा आहे.

बाबा म्हणाले, रविवारी बोलवू. आई लगेच, "रविवारी न्हाय, शुक्रवारी. कारखान्यांना सुट्टी. लूम बंद, बॉयलर बंद. पोरगी ठसकनार न्हाय." मला हसू आलं, आणि मग भीती वाटली.

८ डिसेंबर

आणि परवा एखाद्याने बॉयलर चालूच ठेवला तर?

१० डिसेंबर, शुक्रवार

पार पडलं. कारखान्यांच्या चिमण्या खरंच बंद होत्या. आईने आज देवाजवळ उदबत्तीसुद्धा लावली नाही. पोहे केले नाहीत, फोडणीचा ठसका नको म्हणून. नुसता शिरा आणि चहा.

ट्रे घेऊन गेले तेव्हा मोजकाच श्वास घेत होते. मितेशची आई, सीताबाई, माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, कळलं यांना. तर म्हणतात, "पोर गरीब हाय. आवाज चढवत न्हाय." आवाज चढवायला हवा पुरायला पाहिजे ना! गाणं येतं का विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आई "न्हाय" म्हणाली.

मितेश बरा वाटला. माझ्याइतकाच घाबरलेला. शिरा अर्धा खाली सांडला आणि तो पायाने झाकून बसला. त्याला मी आवडले असेन तर फसवून आवडले, हे काही मनातून जात नाही.

१२ डिसेंबर, रविवार

त्यांचं घर बघून आलो. काय लिहू? पंप पर्समध्येच राहिला. गच्चीचा जिना एका दमात चढले! वर खाडीचा वारा होता. श्वास आत गेला तो पार खालपर्यंत गेला. कितीतरी दिवसांत असं झालं नव्हतं. रडू यायला लागलं म्हणून तोंड फिरवून उभी राहिले.

मितेश मागून आला. "हितं काय बी न्हाय. तू शहरात, नाक्यावर वाढलेली. तुला करमल काय?"

इथेच राहायचंय, आत्तापासून, असं म्हणावंसं वाटलं. पण फार उतावीळपणा दाखवला तर का म्हणून विचारेल. मी नुसतं "बघू" म्हणाले. त्याचा चेहरा पडला.

१५ डिसेंबर

होकार आला! आईने पेढे वाटले. बाबांनी मला जवळ बोलावलं, हातावर पेढा ठेवला आणि परत पाठवलं.

संध्याकाळी आईला म्हटलं, त्यांना सांगूया आता. तर म्हणते, "एक पोर झाल्याव सांग." म्हणजे तोपर्यंत मोरीत नळ सोडून खोकायचं? पण तिकडे खोकलाच येणार नाही. खारबावला मी बरी होईन. मग खोटं तरी कुठे राहिलं? असं दिवसभर स्वतःला समजावते आहे. पटत नाही.

१८ डिसेंबर

आज दोनदा पंप. धूर खिडकीतून सरळ घरात. साखरपुडा जानेवारीअखेर. तोवर काढायचं कसंतरी.

२१ डिसेंबर, मंगळवार

दुपारी मितेशचा फोन. भारी खुशीत होता. गोदामाच्या पैशातून त्याच्या वडिलांनी आमच्याच धामणकर नाक्याजवळ एका सायझिंग कारखान्यात भागी घेतली. कारखान्याच्या वर दोन खोल्या आहेत, लग्नानंतर आपण तिथेच राहायचं. "तू बघू म्हनलीस तवाच मी वळखलं, हिला गाव नको. बाबांच्या मागं लागून केलं सगलं. तुज्यासाठी."

आई समोरून खुणा करत होती — हो म्हण, हो म्हण.

मी म्हटलं, "मितेश, मला दमा आहे."

आईने रिसिव्हर हिसकावून घेतला. पण तोवर माझं सांगून झालं होतं.