आधी टाक काढले

आबा,

तुमच्या टॉकीजला जेमतेम तीन दिवस चाललेला तो भूकंपाचा सिनेमा परवा मला मोबाईलवर सापडला. कुणीतरी घासलेल्या प्रिंटवरून टाकलाय. ढिगाऱ्यात नात शोधणाऱ्या म्हाताऱ्याच्या हाती आधी देव्हाऱ्यातले चांदीचे टाक लागतात, तिथवर पाहिला आणि बंद केला. चहा केला. मग पुन्हा लावला.

त्या दुपारी मी औरंगपुऱ्यातून तुमचा डबा घेऊन केबिनमध्ये आले होते. खाली दहा-बारा माणसं असतील. ऑपरेटरनं पडदा नाही, मशीन बघायचं, हे तुम्हीच मला सांगितलेलं. त्या दिवशी मात्र तुम्ही काचेला कपाळ टेकवून उभे, आणि रीळ संपून पडदा पांढरा. शिट्ट्या सुरू झाल्या. दुसरं मशीन लावायचं सोडून तुम्ही मला म्हणालात, "आमी बी हेच केलं, बाई. आतून पोरीचा आवाज येत व्हता. मधी टाक लागले. देव पायाखाली येऊ नाय म्हणून काढले, धुतले, रुमालात बांधले. वळलो तं आवाज नाय."

भूकंपानंतर तुम्ही मदतीला गेलात आणि परतल्यापासून देव्हाऱ्याकडे फिरकला नाहीत, एवढंच आम्हाला माहीत होतं. आई त्यावरून रोज तुमचं डोकं खायची. मी म्हणाले, "आबा, डबा गार होतोय." तेवढ्यात मालक धापा टाकत वर आले आणि नको नको ते बोलले. तुम्ही "चुकलं साहेब" म्हणून मशीन चालू केलंत.

पुढच्याच उन्हाळ्यात माझं लग्न. देवक बसवायला मुलीच्या बापानं बसायचं, आणि तुम्ही नको म्हणालात. आई रडली. कारण मला ठाऊक होतं, घरात मला एकटीलाच. तरी मी म्हणाले, "तुमच्यापायी माझ्या लग्नात तमाशा नको." तुम्ही मुकाट्यानं धोतर नेसून आलात. भटजींनी टाक ताम्हनात ठेवून पुढे सरकवले, तुम्ही ते धुतलेत.

सिनेमातला म्हातारा शेवटी पुन्हा देवापुढे बसतो, मागे सनई वाजते. एवढ्यावर मिटवलं त्यांनी सगळं, मला रागच आला. शेजारी बसलेल्या लेकीनं विचारलं, "आजोबाही असेच पुन्हा देवापुढे बसले होते ना?" तसं मीच सगळ्यांना सांगत आलेय. मी हो म्हणाले.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिता तरी येतंय. टाक धुताना तुम्ही मधेच थांबून मागे वळून पाहिलंत, आबा. मी समोरच होते. आणि सगळं माहीत असून मला तेव्हा एवढंच वाटलं, की चला, बसले एकदाचे.