उसना दिलेला बेस्ट बॉय

मी, खाली सही करणारा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि चष्मा सापडलेला असताना हे मृत्युपत्र करीत आहे. व्यवसाय: गॅफर. वकिलांनी 'इलेक्ट्रिशियन' लिहिले होते, ते मी खोडायला लावले. चित्रीकरणात दिवे लावणाऱ्या मंडळींचा जो मुख्य, तो गॅफर. काही जण म्हणतात, उंचावरचे दिवे सरकवायला आकडा लावलेली काठी असे, तिच्यावरून हे नाव पडले. काही म्हणतात, इंग्रजांकडे खेड्यातल्या म्हाताऱ्याला असे म्हणत. माझ्याकडे काठीही आहे आणि वयही, तेव्हा वाद नको.

१. राहते घर थोरल्या मुलाला, छपराच्या गळतीसह. "दिवे भंगारात काढू," असे तो एकदा म्हणाला होता, म्हणून दिव्यांशी त्याचा संबंध नाही.

२. बँकेतील शिल्लक माझ्या लाइटमन मंडळींत सारखी वाटावी. जनरेटरवाल्याचा वाटा त्याच्या बायकोच्या हाती द्यावा.

३. सर्व दिवे, केबल, स्टँड आणि आकड्याची काठी माझ्या मुलीला, म्हणजे ठिणगीला. ती माझी बेस्ट बॉय होती. गॅफरच्या खालोखालचा माणूस तो बेस्ट बॉय. बाई असली तरी हुद्दा तोच. जुन्या काळी एक मुकादम दुसऱ्याला म्हणे, "आज तुझा सगळ्यात चांगला पोरगा दे," त्यावरून हे आले असे सांगतात. खरेखोटे मला ठाऊक नाही. आमच्यातली रीत मात्र पक्की आहे: उसना नेलेला माणूस नेणाऱ्याने स्वतः चालत येऊन परत करायचा आणि म्हणायचे, "तुमचा माणूस परत."

४. आमच्या स्टुडिओच्या समोर दुसरा स्टुडिओ आहे, तिथल्या गॅफरने ठिणगीला एका सिनेमापुरते मागितले. मी दिले. सिनेमा संपला, दोघांचे लग्न झाले, लग्नातले दिवेही मीच लावले. माणूस मात्र परत आला नाही. सदर जावयास काहीही देण्यात येत नाही. त्याच्या उजेडात सगळे चेहरे उकडलेल्या बटाट्यासारखे दिसतात, हे त्याचे कारण नव्हे. फक्त नोंद असावी. तो रीत पाळेपर्यंत कलम ३ लागू होणार नाही आणि दिवे कुलपात राहतील.

यात माझी माणसे घरी बसतील, हे मला कळते. ठिणगी दर रविवारी औषधे घेऊन येते, दिव्यांचा विषय काढत नाही. "परत येतेस का?" असे मी विचारून पाहिले. म्हणाली, "बाबा, ज्याला दिलंत त्याच्याकडे मागा." सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, हा पीळ माझ्याकडूनच तिच्यात गेलेला आहे. मला ती परत हवी आहे. मेल्यावर नव्हे, आत्ता.

५. अंत्यविधीच्या वेळी चेहऱ्यावर थेट वरून प्रकाश नसावा. डोळ्यांखाली खड्डे दिसतात.

साक्षीदार: शेजारचे दंतवैद्य आणि कॅमेरावाल्या बाई. बाईंच्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्यांना मुद्दाम बोलावले.

ठिकाण: राहते घर, पाण्याच्या टाकीसमोर. तारीख: शिक्क्यात आहे ती.
(सही) गॅफर

पुरवणी, त्याच आठवड्यात.

आज सकाळी जावई ठिणगीला घेऊन दारात आला. गाडी असून स्टुडिओपासून चालत, घामाघूम. म्हणाला, "बाबा, तुमचा माणूस परत." मग जरा घुटमळून, "आता ती मला उसना नेईल का, तेवढं विचारा."

सबब कलम ४ रद्द, बटाट्याची नोंद वगळून.

ठिणगीने भिंतीवरची काठी उतरवली आणि माझ्या पलंगाच्या थेट वर टांगलेला दिवा बाजूला सरकवला. कलम ५ राहू द्यावे. तिला मात्र ते वाचून दाखवायची गरज नाही.

साक्षीदार तेच. बाईंची सही ओली होऊन पसरली आहे, ती ग्राह्य धरावी.

(सही) माजी गॅफर