उलटा चिकटवलेला पंख

दादा,

वहिनीच्या ऑपरेशनसाठी तू तुझं लहानपणीचं विमानाचं किट विकायला काढलंस. आज मी ते जुन्या खेळण्यांच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "सगळे भाग सुटे आणि शाबूत असतील तर पन्नास हजार. एखादा जरी चिकटवलेला निघाला, तर पाच." तो खोक्यावरची चिकटपट्टी सोडवायला लागला, तशी मी खोकं ओढून घेतलं आणि घरी आले.

ती पट्टी मीच लावलेली आहे, दादा. तू वसतिगृहात होतास, मी नऊ वर्षांची. चोरून खोकं उघडलं आणि एक पंख चिकटवला, तोही उलटा. बाबांच्या भीतीनं तसंच बंद करून ठेवलं. तू मात्र "निवांत वेळ मिळाला की बनवीन" म्हणत ते इतकी वर्षं जपलंस.

मघाशी तुझा फोन आला. "किती म्हणाला गं?"

"कमीच," एवढंच बोलले.

"लबाड दिसतोय. संध्याकाळी येतो, त्याच्यासमोर मीच उघडतो."

 तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं की उठून दाराच्या फटीतून बघते. हे पत्र तुला देणार नाही. दिलं तर तू वाचेपर्यंत मी आतल्या खोलीत लपून बसेन. तू दारात आलास की तोंडानंच सांगेन.

तुझी भित्री,
चिमी