तापलेले दगड आणि पाण्याचं डबडं

ती. हेल्मीताई,

धाकट्या रेइनोचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा नीट जोडला आहे; डावा बँडेजमधून जेमतेम डोकावतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? माझे बरंच काही म्हणतात, पण मी लक्ष देत नाही.

पत्रास कारण तुझी भाची. अंगणातल्या बर्फावर मी घसरलो तेव्हापासून मार्लिसने धोशा लावला आहे, "बाबा, रान पुरे झालं. गावात लिफ्टवाली खोली बघितलीय, चला." मी म्हटलं, घराचं काय घेऊन बसलीस, मी या थंडीत उघड्या रानातसुद्धा तग धरीन. तर म्हणते कशी, "दाखवा करून. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. जमलं तर पुन्हा विषय काढणार नाही."

मग काय, लागलो कामाला. पडक्या गोठ्याचे पत्रे, भंगारातल्या शाळेच्या बसचं दार, जुन्या ट्रकचं बॉनेट (तोच ट्रक, जो तू ओढ्यात घातला होतास, मी अजून कुणाला बोललेलो नाही), खाली फांद्यांचं जाड अंथरूण, वरून फावड्याने ओढलेला बर्फ. दिसायला उकिरडा, पण वारा आत शिरेल तर शपथ. बाहेर शेकोटीत दगड तापवले आणि बादलीत घालून आत नेले. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं.

आता तूच सांग, ताई. तापलेले दगड, चारी बाजूंनी बंद जागा, हाताशी पाण्याचं डबडं आणि समोर फिनिश माणूस. आपण दोघंही सौनाच्या न्हाणीघरात, वाफेतच जन्मलेली माणसं. हात आपसूक गेला. ओतलं पाणी. काय सुख म्हणून सांगू! कोटसुद्धा काढून ठेवला. मग वाफेचं पाणी झालं, पाण्याचा बर्फ झाला, दार चौकटीत गोठून बसलं आणि ओला कोट कडक होऊन माझ्याशिवाय उभा राहिला. दारावर धडका देताना मनगट गेलं. दुपारी मार्लिसने पहारीने दार उचकटलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि एवढंच म्हणाली, "झाली का अंघोळ, बाबा?"

थोडक्यात, हरलो. शनिवारी खोली बघायला जायचं आहे.

तुझा,
रेइनो

ता. क. तू शुक्रवारीच ये. मार्लिस तुझं ऐकते. तिला सांग की निवारा उत्तम बांधला होता, चूक फक्त पाण्याची.

ता. क. आणखी एक. हे कुणाला वाचून दाखवू नकोस. चूक पाण्याची नव्हती. एकट्याचा निवारा अंगापुरताच बांधायचा, म्हणजे अंगाच्या उबेवर गरम राहतो. हे मीच आजवर सगळ्यांना शिकवत आलो. माझा दोघांचा झाला. फांद्या अंथरताना भिंतीकडची बाजू नेहमीसारखी माझ्या लेम्पीसाठी सोडली आणि आत जाऊन बसेपर्यंत लक्षातच आलं नाही की ती जाऊन दोन वर्षं झाली. मग कुडकुडायला लागलो, आणि म्हणून ते पाणी. फार आठवण येते गं तिची. मार्लिसने विचारलं, एवढा रुंद कशाला? मी म्हटलं, दारच तेवढं मिळालं. तूही तेच सांग. खरं कळलं तर ती मला इथेच राहू देईल, आणि कीव येऊन कुणी ठेवून घेतलेलं मला नको आहे.